अधिकारी कोणास म्हणावे?

‘अधिकार’ हा शब्द आज इतका कचेरीतला झाला आहे की तो शास्त्रातून आला आहे, याची आठवणही राहात नाही. ज्याच्या हाती शिक्का आहे, ज्याच्या सहीने काम होते किंवा अडते, तो अधिकारी असा अर्थ लोकव्यवहारात रूढ झालेला आहे. शास्त्रग्रंथांकडे वळले म्हणजे मात्र चित्र पालटते. वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत आरंभी चार अनुबंध सांगण्याचा प्रघात आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. यांतील अधिकारी हा सांगणारा नसून ऐकणारा आहे. ज्याच्या ठिकाणी जाणण्याची तळमळ उपजली आहे, ज्याने त्यासाठी आपले चित्त तयार केले आहे, तो त्या विद्येचा अधिकारी होय. आसन वक्त्याचे असेल, पण अधिकार श्रोत्याचा आहे. आपल्या मार्गात ज्याला योग्यता म्हटले आहे तिचाही रोख याच दिशेने आहे. ज्ञान देणाऱ्याने घेणाऱ्याची योग्यता ओळखावयाची असते, आपली मिरवावयाची नसते.

एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत जे अंतर पडले आहे त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. ज्याला कोणी नेमलेले नाही, ज्याच्या हाती दंड नाही व देणगीही नाही, अशा माणसाच्या मागे चार माणसे चालू लागतात, त्याचा शब्द झेलतात, ते कशाच्या बळावर? आणि ज्याला पद आहे त्याला मिळणारा मान हा त्याचा असतो, की त्या पदाचा? हा प्रश्न राजकारणी पुरुषांनी विचारावा, भिक्षूंना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण भिक्षूलाच तो अधिक बोचला पाहिजे. अंगावर वेष चढला की वासनिक दंडवत घालू लागतो. कालपर्यंत ज्याला गावात कोणी ओळखत नव्हते त्याच्या पायांवर वयोवृद्ध गृहस्थ डोके ठेवतो. तो दंडवत कोणाला पोहोचला याचा विचार ज्याने कधी केला नाही, त्याच्या बाबतीत तो बहुधा वेषालाच पोहोचलेला असतो.

या प्रश्नाचा उलगडा ग्रंथांतून करता येईल, आणि पुढे तो काही अंशी करावयाचा आहे. परंतु ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके असे आहेत की तेथे अलीकडच्या काळात या प्रश्नाचे उत्तर लोकांनी प्रत्यक्ष करून दाखविले आहे. म्हणून प्रथम तिकडे जावे.

सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. पावसाळ्यात येथे आकाश फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन उतरणीवर झरे शोधीत फिरतात. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा यांची मोठी धरणे आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. धरणाच्या आसपासची कित्येक गावे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण इकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. (पदाचा मानही काही वेळा असाच असतो, साठा मोठा, पण शेजारच्याच्या उपयोगी नाही.) भात, नागली, वरी ही येथली पिके. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी ही येथली माणसे.

या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा अधिकार चालला तो पहिल्या अर्थाचा. पावसाळ्यात घरातील दाणे संपले की सावकाराकडून खावटी काढावयाची आणि सुगीला ती वाढीव मापाने फेडावयाची. लग्नासाठी कर्ज काढले तर ते फिटेपर्यंत मालकाच्या दारी राबावयाचे. अशा गड्याला जिल्ह्यात ‘लग्नगडी’ असा स्वतंत्र शब्दच होता. हे सारे व्यवहार एका खुणेवर उभे असत. ती खूण म्हणजे अंगठा. कागदावर काय लिहिले आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक, आणि अंगठा उठविणाऱ्याला ठाऊक नाही. या एका फरकावर जमीनदाराचा सारा दरारा टिकून होता. त्या दराऱ्यात मान किती होता, हे पुढे दिसून आले. त्या काळच्या ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव तालुक्यातील झरी येथे मे १९४५ मध्ये वारली शेतकरी हजारोंनी जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ही हकीकत सांगितली आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे मुजरे त्या एका निश्चयाने लटके ठरले. भीती गेली तेव्हा मागे आदर म्हणून काहीच शिल्लक उरले नाही, कारण तो मुळात नव्हताच.

आता मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी यावे. गाव लहान, घरे सत्तरच्या आसपास. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत योगेंद्र बांगर हे शिक्षक होते. २०१६ च्या फेब्रुवारीत गावात शिवजयंतीचा उत्सव चालला असता काही स्त्रिया वाचन करीत होत्या. तेथे बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून सहज उद्गार निघाला की, आम्हांला असे वाचता आले असते तर किती बरे झाले असते. बांगर यांच्या कानी तो पडला. असे उद्गार गावोगावी नित्य निघत असतात आणि ऐकणारा हसून पुढे जातो. साठी उलटलेल्या बाईने अक्षरे गिरवावीत ही कल्पना थट्टेचीच मानली जाते. बांगर यांनी ती थट्टा मानली नाही. त्याच वर्षीच्या ८ मार्चला, जागतिक महिला दिनी, फांगण्यात ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या पंचवीस-तीस स्त्रिया त्या शाळेत जाऊ लागल्या. मोतीराम दलाल यांच्या नावाच्या धर्मादाय न्यासाने त्यांना गुलाबी नऊवारी लुगडी, दप्तरे आणि पाट्या दिल्या. दुपारी दोन ते चार ही शाळेची वेळ. सकाळची कामे उरकलेली आणि सांजेची चूल पेटावयाची असते, तेवढाच अवकाश.

या शाळेत शिकविण्याचे काम शीतल मोरे यांच्याकडे आले. त्या गावच्याच सूनबाई. वय तिशीच्या आत-बाहेर, शिक्षण दहावीच्या आसपास. पहिल्या दिवसांत शाळा त्यांच्याच घरी भरत असे आणि समोर पाटी घेऊन बसलेल्या विद्यार्थिनींत त्यांच्या स्वतःच्या सासूबाईही असत.

हे दृश्य जरा थांबून पाहण्यासारखे आहे. मराठी घरातील सासू आणि सून यांच्यात अधिकार कोणाकडे असतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. सुनेने सासूला ‘असे नाही, असे गिरवा’ म्हणावयाचे आणि सासूने पाटी पुसून पुन्हा लिहावयाचे, हे परंपरेच्या दृष्टीने उफराटे आहे. पुन्हा या शाळेत येण्याची कोणावर सक्ती नव्हती. गैरहजेरीला दंड नाही, शिकल्यावर नोकरी नाही, नापास होण्याची भीती नाही. ज्यांच्या दृष्टी मंदावल्या आहेत, बोटे कामाने राठ झाली आहेत, आज शिकलेले उद्या आठवेल याची शाश्वती नाही, अशा म्हाताऱ्या रोज दोन वाजता दप्तर घेऊन निघत. त्यांना तेथे कोणी आणले?

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने मनुष्य मनुष्याची आज्ञा का मानतो याचे तीन आधार सांगितले आहेत. एक कायदा, म्हणजे नियमाने नेमलेला अधिकारी. दुसरा परंपरा, म्हणजे वडिलधारा, पाटील, राजा. तिसरा व्यक्तीच्या ठिकाणी लोकांना दिसणारे असामान्य तेज. विद्वानांनी ही वर्गवारी पुष्कळ मानली आहे आणि राज्यांच्या इतिहासाला ती लागूही पडते. फांगण्याच्या दुपारला मात्र ती लागू पडत नाही. शीतलबाईंना कोणत्याही कायद्याने त्या म्हाताऱ्यांवर नेमलेले नव्हते. परंपरा त्यांच्या बाजूला नव्हती, उलट होती. आणि असामान्य तेज म्हणावे तर ज्या सुनेला गावाने रोज विहिरीवर पाहिले आहे तिच्याभोवती तेजोवलय कोण पाहणार? बांगर यांच्याकडे शिक्षकाचे पद होते हे खरे. परंतु ते पद मुलांपुरते. आजीबाईंना शाळेत बोलाविण्याचा कोणताही हुकूम त्या पदातून निघत नव्हता.

यावर पूर्वपक्ष असा येईल: हा उपयोगाचा व्यवहार आहे. सुनेजवळ अक्षर होते, सासूला ते हवे होते. ज्याच्याजवळ माल असतो त्याच्या दुकानी गर्दी होते. यात आदराचे आणि नेतृत्वाचे काय आहे? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण पुष्कळसा मान खरोखरच गरजेतून जन्मतो आणि गरज सरली की ओसरतो. वैद्याला रोगी किती दिवस नमस्कार करतो हे सर्वांना ठाऊक आहे.

परंतु मग असे विचारावे लागेल की सावकाराजवळही अक्षर होते. तेच अक्षर, तीच बाराखडी. त्याच्या दारी या बायकांच्या आया-सासवा आयुष्यभर गेल्या. तेथून त्या अंगठ्याची शाई घेऊन परत आल्या. अक्षर दोन्ही ठिकाणी होते. एका ठिकाणी ते दुसऱ्याचे अज्ञान राखण्यासाठी वापरले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी ते संपविण्यासाठी. सावकाराचे मोठेपण समोरच्याच्या न-कळण्यावर उभे होते, म्हणून समोरच्याला कळू देणे त्याला परवडणारे नव्हते. शिकविणाऱ्या सुनेचे मोल मात्र सासूला एकेक अक्षर येत जाईल तसतसे तिच्यापुरते कमी होत जाणार, आणि हे ठाऊक असूनही ती शिकवीत राहते. ज्या म्हाताऱ्या शिकल्या त्या आपली सही करू लागल्या. ही विद्या फार मोठी नाही. नाव लिहिता येणे म्हणजे पांडित्य नव्हे. पण ज्या बोटाने जन्मभर दुसऱ्याच्या लिखाणाला संमती दिली, त्या बोटांत खडू आला, याचे मोल पंडितांनी ठरवावयाचे नाही.

दुसरी गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे. बांगर यांनी काय केले? त्यांनी म्हाताऱ्यांच्या उद्गारात केवळ हळहळ ऐकली नाही, अधिकार ऐकला. शास्त्राने ज्याला अधिकारी म्हटले आहे त्याचे पहिले लक्षण जिज्ञासा हे आहे. ती त्या उद्गारात होती. वय, डोळे, स्मरणशक्ती ही उणी होती, पण ती साधने आहेत, अधिकार नव्हे. आणि दुसऱ्याचा अधिकार ओळखल्यावर त्यांनी खडू स्वतःच्या हाती ठेवला नाही. पगारी शिक्षक आणि पुरुष, सकाळी नातवंडांना शिकविणारा. त्याच्यासमोर बसताना म्हाताऱ्यांना जो संकोच झाला असता तो आपल्यातल्याच एका सुनेसमोर होणार नव्हता. आपण बाजूला झालो तर काम पुढे जाईल हे ज्याला कळते आणि कळल्यावर जो खरोखर बाजूला होतो, असा मनुष्य विरळा. पुढे या शाळेची वार्ता देशोदेशीच्या वृत्तपत्रांत गेली, छायाचित्रे आली, गुलाबी लुगड्यांची वर्णने झाली. हे झाले ते बरेच झाले. तरी कीर्ती ही शाळेपेक्षा अवघड परीक्षा असते.

येथे एक मर्यादाही पाहण्यासारखी आहे. सुनेचा हा मान दोन ते चारपुरता आणि पाटीपुरता आहे. शाळा सुटली की सून सूनच राहते आणि सासू सासू. मी तुम्हांला अक्षर शिकविले, म्हणून आता घरातही माझे ऐका, असे ती म्हणू लागली तर दुसऱ्या दिवशी पाटी रिकामी राहील. पदाचे तसे नसते. तहसीलदार लग्नाच्या पंगतीतही तहसीलदारच असतो. महंत जेथे जाईल तेथे आसन त्याच्या आधी जाऊन बसते. पदावाचूनचा मान ज्या कामातून उपजतो त्या कामाच्या कुंपणाबाहेर तो फारसा चालत नाही, आणि जो तो बाहेर चालविण्याचा हट्ट धरीत नाही त्याच्याच ठिकाणी तो वाढतो.

तथापि एवढ्याने प्रश्न संपत नाही. लोक मागे आले म्हणजे मार्ग योग्यच होता, असे सिद्ध होते काय? पदावाचून दरोडेखोराच्या मागेही माणसे जातात. मुरबाड तालुक्यातच सिद्धगड आहे, आणि त्या गडाशी निगडित असलेली हकीकत या ठिकाणी विचारात घेणे भाग आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे १९१२ साली माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मले. कायद्याचे शिक्षण घेतले. माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी सिद्धगडच्या रानात त्यांना गाठले. तेथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दरवर्षी त्या दिवशी लोक तेथे जमून त्यांना अभिवादन करतात.

अहिंसेचे व्रत धारण करणाऱ्याला या मार्गाची भलावण करता येणार नाही, आणि न करण्यात त्या हुतात्म्यांचा अनादरही नाही. येथे विचार करावयाचा तो इतकाच की, रानात शिरल्यावर भाईंच्या उपाध्यक्षपदाची किंमत काय उरली होती? शून्य. वकिलीची सनद झाडाझुडपांत काय कामाची? कुळाची प्रतिष्ठा म्हणावी तर जातीच्या उतरंडीत त्यांना वरची पायरी मिळालेली नव्हती. तरी आसपासचे शेतकरी आणि आदिवासी तरुण जीव धोक्यात घालून त्यांच्यासोबत राहिले. याचे कारण मनोऱ्यांत शोधून सापडणार नाही. ते त्याआधीच्या वर्षांत आहे. भाईंनी शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारे काढली होती, की पावसाळ्यात दाण्यासाठी सावकाराच्या दारी जावे लागू नये. खेड्यांतून शाळा काढल्या होत्या. खावटीचा फास ज्याने सैल केला त्याच्या शब्दावर लोक रानात गेले. फांगण्याची पाटी आणि भाईंचे कोठार यांत सत्तरांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हींचा शत्रू एकच: तो अंगठा.

लोकांचा विश्वास हा मार्गाच्या शुद्धतेचा दाखला होऊ शकत नाही, हे मात्र मान्यच केले पाहिजे. विश्वास कोठारातून मिळाला आणि तो मनोऱ्यांकडे वापरला गेला. तो वापरणाऱ्यावर केवढे ओझे असते! पदस्थ मनुष्य चुकला तर वरचा अधिकारी त्याला आवरतो, नियम आवरतो, निदान बदली तरी होते. ज्याच्यावर लोकांनी आपण होऊन विश्वास टाकला त्याला आवरणारे बाहेर कोणी नसते. म्हणून पदावाचूनचे नेतृत्व हे पदापेक्षा निर्मळ असते असे जे सरसकट म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. ते अधिक धोक्याचेही असते, आणि त्याचा आचार म्हणूनच अधिक कडक असावा लागतो.

आता आपल्या मार्गाच्या आरंभीच्या दिवसांकडे पाहावे. सर्वज्ञांच्या प्रयाणानंतर आणि पुढे श्रीगोविंदप्रभूंच्या पश्चात मार्गाचा भार श्रीनागदेवाचार्यांवर आला. ते आचार्य होते, हे पदच झाले, असे कोणी म्हणेल. परंतु त्या काळी गादी नव्हती, मठाची मिळकत नव्हती, वृक्षातळी राहणाऱ्यांचा आणि भिक्षेवर जगणाऱ्यांचा तो मेळा होता. ज्याला जावयाचे असेल त्याला अडविणारे काही नव्हते. त्यांच्याभोवती थोर पंडित होते, शास्त्रात त्यांच्याहून अधिक पारंगत असलेले होते. स्मृतिस्थळात आठवण आहे की, विद्वानांनी संस्कृतात प्रश्न केला असता आचार्यांनी ती भाषा आपल्याला कळत नसल्याचे सरळ सांगितले आणि सर्वज्ञांनी मराठीत निरूपण केले, तेव्हा मराठीतच पुसावे, असे म्हटले. पुढाऱ्याने पंडितांच्या सभेत आपले न-कळणे असे उघड करावे, ही गोष्ट पदाला परवडत नाही. पद असते तेथे न-कळणे लपवावे लागते.

याच स्मृतिस्थळातील दुसरी आठवण या लेखाच्या विषयाला अगदी येऊन भिडते. केशवराजसूरींनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याचे मनात आणले तेव्हा आचार्यांनी त्यांना आवरले. कारण असे सांगितले की, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. या आठवणीचा उपयोग आजवर बहुधा मराठीच्या अभिमानासाठी झाला आहे. सभांतून, पाठ्यपुस्तकांतून ती त्याच अर्थाने सांगितली जाते. ते वावगे नाही. पण आचार्यांचे बोलणे भाषेच्या अभिमानाचे नव्हते. ग्रंथ कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तर होते: या म्हाताऱ्यांसाठी. ग्रंथाचा अधिकारी त्यांनी निश्चित केला आणि त्या अधिकाऱ्याच्या योग्यतेप्रमाणे ग्रंथकाराला वळविले. ज्यांच्याकडे विद्या नाही, पद नाही, पुष्कळांना घरही नाही, अशा वृद्ध बायका त्या संघात मापदंड झाल्या. आणि केशवराजांसारखा पंडित ऐकतो! त्यांना ऐकावयास लावील असा कोणता दंड आचार्यांच्या हाती होता?

त्याच परिवारात महदाइसा होत्या. त्यांच्याकडे कोणतेही पद आल्याचे कोठे नमूद नाही. त्यांनी श्रीगोविंदप्रभूंच्या संनिधानी धवळे रचले आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. परंतु लीळाचरित्र वाचणाऱ्याच्या मनात त्या राहतात त्या त्यांच्या प्रश्नांमुळे. त्या विचारीत राहिल्या. निरूपण ऐकून मान डोलवून उठून जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांच्या प्रश्नामुळे जे निरूपण झाले त्याचा लाभ पुढील सर्व पिढ्यांना झाला, म्हणजे विचारणारीने सांगणाऱ्याइतकेच मार्गाला पुढे नेले. शास्त्राने अधिकारी हे नाव श्रोत्याला का दिले असावे, हे येथे उमगते.

आणि म्हाइंभट. धनाढ्य, गाढे विद्वान, वादात जिंकण्याच्या ईर्षेने आलेले. त्यांनीच पुढे लीळा गोळा करण्याचे काम पत्करले. लीळा कोणाजवळ होत्या? ज्यांनी पाहिले होते, ऐकले होते त्यांच्याजवळ. त्यांत बायका होत्या, साधे लोक होते. तर्कशास्त्र शिकलेल्या त्या पंडिताला त्यांच्यासमोर बसून विचारावे लागले, ते सांगतील ते टिपावे लागले, पुन्हा आचार्यांकडे नेऊन पारखून घ्यावे लागले. ज्याने तो ग्रंथ घडविला त्याचे मोठेपण विद्वत्तेचे खरेच. पण ती विद्वत्ता खाली बसली नसती, तर आज हाती काही आले नसते.

मग पदे नकोतच काय? हा आततायीपणा होईल. माणसे वाढली की कोणी तरी दिवाबत्तीची, शिध्याची, पोथ्यांच्या जपणुकीची जबाबदारी घ्यावी लागते. वाद झाला तर कोणाचा तरी शब्द शेवटचा मानावा लागतो. फांगण्याच्या शाळेलाही लुगडी-पाट्या देणारा न्यास लागलाच. पदावाचून संस्था टिकत नाही, हे सत्य नाकारून चालत नाही. अडचण पदाच्या असण्यात नाही. एका पिढीने कामातून मिळविलेला मान दुसरी पिढी आसनातून वसूल करू पाहते, तेथे ती सुरू होते. मान मिळविणाऱ्याने पाटी धरली होती, कोठार भरले होते. वारसाच्या हाती येते ती त्या पाटीची चौकट. तो ती मस्तकी लावतो आणि लोकांनीही लावावी असे म्हणतो. आपल्या मार्गातही आचार्यांच्या पश्चात आम्नाय निराळे झाले. कवीश्वर, उपाध्ये आदी परंपरा आपापल्या मार्गाने वाढल्या. त्यांच्यात थोर पुरुष झाले, ग्रंथ झाले, सकळी-सुंदरीसारख्या लिप्यांतून पोथ्या राखल्या गेल्या. त्या लिप्यांनी पोथी परक्यांपासून राखली, हे कौतुकास्पद आहे. परंतु ज्यांच्यासाठी आचार्यांनी संस्कृत अडविले, त्या म्हाताऱ्यांपैकी कितींना ती सांकेतिक अक्षरे वाचता येत होती?

महंताच्या आसनासमोर बसलेला वासनिक दंडवत घालतो तेव्हा तो मोकळा असतो काय, हे पाहण्याची एक खूण आहे. तो शंका विचारतो का? विचारल्यावर भोवतालचे चेहरे आक्रसतात का? आणि उत्तर ठाऊक नसेल तर आसनावरून ‘ठाऊक नाही’ असा शब्द येतो का? ज्या आश्रमात एखादी वृद्ध तपस्विनी भर निरूपणात हात वर करून ‘हे मला उमगले नाही, पुन्हा सांगावे’ असे म्हणू शकते आणि निरूपण करणारा पोथी मागे उलटवून पुन्हा आरंभ करतो, तेथे आचार्यांची ती आठवण अजून चालू आहे असे समजावे. पुष्कळ ठिकाणी त्या तपस्विनीला मागच्या ओळीत जागा असते आणि तिच्या कानी शब्द पोहोचतो की नाही, हे कोणी पाहात नाही.

फांगण्याच्या शाळेत त्या वयाच्या बायका पुढच्या ओळीत होत्या, कारण तेथे दुसरी ओळ कोणासाठी मांडलेलीच नव्हती. ऐकू कमी येणारीने पुन्हा विचारावयाचे, सुनेने पुन्हा सांगावयाचे, शेजारणीने हसून आपली पाटी तिच्याकडे सरकवावयाची. चार वाजले की दप्तरे आवरून त्या उठत. कोणाची गुरे परतावयाची असत, कोणाला पाणी भरावयाचे असे.